ज्या दुपारी मी उघडा राहिलो

उजाडताच कालिक्स्त दुकानाची लाकडी झडप उचलून भिंतीला टेकवी. आधी तो शेगडीत दोन ओंडके सरकवी, वाडग्यातल्या कॉफीत कालच्या पावाची कड बुडवून उभ्याउभ्याच खाई, आणि मग कामाच्या बाकावर साचलेली शिंगाची पिवळट भुकटी तळव्याने गोळा करून डब्यात भरी. ती भुकटी त्याची बायको गुलाबांच्या मुळाशी घालत असे. एवढे झाले की खिडकीजवळच्या उजेडात बसून तो कानस हाती घेई. मित्रांनो, अशाच एका सकाळी त्या बाकावर माझ्या अंगावरून शेवटचा हात फिरला.

मी आता एक जुना, खिशातला चाकू आहे. फ्रान्समधल्या ओब्राक पठारावर, लायोल या गावी मी घडलो. माझे पाते तापवण्यापासून मूठ चकाकवण्यापर्यंतचे सारे काम त्या एकाच माणसाने केले. माझी मूठ त्याच पठारावर चरलेल्या एका गाईच्या शिंगाची आहे. ती काळसर असून तिच्यात दुधाचा ओघळ उतरावा तशी एक फिकट रेघ आहे. पाठीवरच्या कमानीच्या, म्हणजे पाते ताणून धरणाऱ्या पोलादी पट्टीच्या, टोकाला कालिक्स्तने कानशीने एक मधमाशी कोरली, आणि बाजूला टोचण्यासाठी एक अणकुचीदार आरी बसवली. त्याच्या हातात घाई कधी नव्हती. कमान जरा ताठ वाटली, तर तो पुन्हा सगळे खिळे काढून बसे.

त्या दिवशी सपाटीवरून येणारी बस चढणीने तापली म्हणून चौकात थांबली. उतारूंपैकी दोघे दुकानात आले. पठारावरचा मार्सियाल द्राक्षांच्या तोडणीसाठी खाली गेला होता आणि लग्न करून परतत होता. बरोबर त्याची बायको ओनोरीन होती.

"एक चाकू बघायचाय," मार्सियाल म्हणाला.

"तुझ्या खिशात आहे की माझा. हरवलास?"

"मला नको, हिला हवाय. आमच्याकडे जेवायला बसायचं तर ज्याचा त्याचा चाकू लागतो."

कालिक्स्तने चष्म्यावरून पाहिले. "लग्नातल्या फुलांचा वास अजून अंगाला आहे तुमच्या, आणि आत्तापासूनच बायकोच्या हातात चाकू? छातीचा आहेस बाबा."

"मी वेली छाटणारी आहे," ओनोरीन म्हणाली. "हात कुठे थांबवायचा ते कळतं मला."

ते उत्तर कालिक्स्तला आवडले असावे. त्याने तिला डोळे मिटायला सांगितले आणि तीन चाकू एकामागून एक तिच्या तळहातावर ठेवले. तिसरा मी होतो. तिने मूठ मिटली ती उघडलीच नाही.

"आता एक ऐक," तो म्हणाला. "मिटताना पातं सोडून द्यायचं नाही. अंगठा असा धरायचा आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवतो तसं आत ठेवायचं. आपटलंस तर धार कमानीवर बसते."

"बाबा तर आपटतात," मार्सियाल म्हणाला.

"तुझ्या बापाला सांगून सांगून माझे केस गेले."

बाहेर बसचा भोंगा वाजला, आणि मी ओनोरीनच्या झग्याच्या खिशातून माझ्या घरी निघालो.

घराचे मालक म्हणजे मार्सियालचे वडील सिप्रियाँ. गोठ्यात पहिला पाय त्यांचा पडे आणि शेवटचाही त्यांचाच निघे. लहानपणी उपाशी झोपलेला तो माणूस होता. बसून राहणे त्यांना चोरीसारखे वाटे. टेबलाच्या टोकाला बसून ते पावाच्या पाठीवर चाकूच्या टोकाने क्रूस काढत, मग पाव कापत, आणि सगळे जेवू लागत. त्यांचे जेवण झाले की ते चाकू मिटत. टक् असा आवाज होई. तो आवाज झाला की सगळ्यांचे चाकू मिटत, बाके मागे सरकत, आणि जेवण संपे. कोणाच्या वाडग्यात काय उरले, हा प्रश्न त्यानंतर नसे. त्या पठारावर घरोघर हीच रीत होती आणि तिच्याविषयी कोणी बोलत नसे.

पहिल्याच दिवशी ओनोरीन लाजेने चार घास खाऊन थांबली. काय करावे ते न सुचून तिने मला मिटले, आणि अंगठा धरायचे विसरली. टक्! कानाच्या सवयीने शेतावर राबणारे दोन्ही गडी उठले. मार्सियालचाही चाकू मिटला. फक्त सिप्रियाँ उघडा चाकू आणि तोंडातला घास घेऊन बसून राहिले.

"अच्छा," ते सावकाश म्हणाले. "या घरात आजपासून दोन मालक झाले वाटतं. बसा रे. धाकट्या मालकांची परवानगी असेल तर मी चीज खातो."

गडी हसत हसत पुन्हा बसले. ओनोरीनचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तिने मला कधीही आवाज करून मिटले नाही. एवढ्याशा आवाजाने किती माणसे उठतात हे मात्र तिने पाहून ठेवले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अनातोल बसे. तो या घरचा सर्वांत जुना गुराखी. तरुणपणी एका गाईची लाथ जबड्यावर बसली होती आणि हाड वाकडेच जुळले होते. घास चावायला त्याला दुप्पट वेळ लागे. आमच्याकडे सुपाचा शेवटचा घोट उरला की त्यात लाल दारू ओतून, वाडगा हलवून, तो तोंडाला लावून पितात. जेवल्याची ती खूण. सगळे तसे करत. अनातोलचा वाडगा तिथवर कधी पोहोचत नसे. टक् झाले की अर्धे सूप तसेच ठेवून तो चाकू पुसून खिशात टाकी.

एका संध्याकाळी ओनोरीन झाकलेला वाडगा घेऊन गोठ्यात गेली.

"हे गरम आहे. घ्या."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, अनातोल. दुपारी अर्धंच झालं तुमचं."

"जेवण झालं माझं, मालकीणबाई. मालकांचा चाकू मिटला." तो गाईला थोपटत म्हणाला. "कुत्र्याला घाला. तो मागाहून जेवतो."

तो कडवटपणे बोलला नव्हता. ओनोरीन वाडगा तसाच परत घेऊन गेली. माणसांबरोबर टेबलावर जे मिळते तेवढेच तो जेवण मानत होता. गोठ्यात आणून दिलेले, कितीही मायेने दिले तरी, त्याच्या लेखी उष्टेच. तो वर्षागणिक वाळत गेला.

मी मात्र त्या घरात भाग्यवान ठरलो. एका वसंतात ओले गवत खाऊन एका गाईचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. पुरुष बाजाराला गेले होते. अनातोलचे हात तेव्हा कापू लागले होते, म्हणून त्याने ओनोरीनचा हात गाईच्या कुशीवर योग्य जागी नेऊन ठेवला. "इथे. आणि आता विचार करू नका," तो म्हणाला. तिने माझी आरी टोचली, कोंडलेला वारा फुसफुसत बाहेर आला आणि गाय वाचली. रात्री सिप्रियाँनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "कालिक्स्त बोलतो फार, पण घडवतो चांगलं." मग चीजचा पहिला तुकडा त्यांनी सुनेपुढे सरकवला. तिने तो अनातोलकडे दिला. तो त्याच्या तोंडात असतानाच टक् झाले.

पुढे मी एकदा हरवलो. गवत रचताना ओनोरीनच्या खिशातून घरंगळलो आणि सबंध हिवाळा गंजीत पडून राहिलो. पात्यावर तांबूस डाग पडले, मूठ फिकी झाली. मित्रांनो, न वापरलेली वस्तू किती लवकर म्हातारी होते, हे मला तिथे कळले. वसंतात अनातोलला मी गव्हाणीतल्या गवतात सापडलो. त्याने चुलीची राख आणि बाटलीचे बूच घेऊन मला घासले, अक्रोडाचे तेल चोळले, आणि एक शब्दही न बोलता ओनोरीनच्या ताटाशी आणून ठेवले. कापऱ्या हातांनी त्याने मला मिटले होते, तरी आवाज होऊ दिला नव्हता. माझी एवढी निगा कालिक्स्तनंतर कोणी राखली नाही. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, आणि असा एखादा माणूसही. दोघांनाही थोडा वेळ लागतो. तो द्या, एवढेच माझे मागणे.

त्या उन्हाळ्यात, गवताची कापणी सुरू होताना, सिप्रियाँ गेले. डोंगरावरच्या कुरणात गाईंबरोबर असलेला मार्सियाल मातीला खाली आला, पण वर गाई आणि चीजचे काम थांबणार नव्हते.

"टोकाची जागा रिकामी ठेवू नकोस," निघताना तो बायकोला म्हणाला. "मी येईपर्यंत तूच बस. चाकू तूच मीट."

"तुझ्या पद्धतीने की माझ्या?"

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. "जागा तुझी आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओनोरीन टोकाला बसली. तिने माझ्या टोकाने पावाच्या पाठीवर क्रूस काढला, पाव कापला, कोबीचे सूप वाढले. शेतात कापलेले गवत पसरलेले होते आणि पश्चिमेला ढग चढत होते. गड्यांनी भराभर खाल्ले, सुपात दारू ओतून प्यायली, आणि तिच्या हाताकडे पाहत बसले. दूर टोकाला अनातोल अर्ध्यावर होता. तो घाईघाईने घास ढकलू लागला आणि त्याला ठसका लागला.

"मालकीणबाई," एक गडी म्हणाला, "ढग बघितलेत का?"

"बघितले."

"गवत भिजेल."

"भिजलं तर उद्या वाळवू."

"मोठे मालक असते तर आत्तापर्यंत आम्ही शेतात असतो."

"असता," ती म्हणाली. तिने माझ्या पात्याने चीजचा एक पातळ काप काढला. तिला भूक नव्हती. तरी तो तिने सावकाश खाल्ला आणि मला ताटाशेजारी, पाते उघडे ठेवून, आडवे केले.

अनातोलने मान वर केली. त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ती खिडकीबाहेर पाहत होती. तो पुन्हा खाली वाकला आणि आता आपल्या गतीने चावू लागला. बाहेर वारा सुटला. गडी चुळबुळले, एकाने पाव कुरतडला, पण उठले कोणी नाही. मी उघडा होतो.

बऱ्याच वेळाने अनातोलने बाटलीकडे हात केला. शेजारच्या गड्याने ती त्याच्याकडे सरकवली. त्याने उरलेल्या सुपात दारू ओतली, वाडगा दोन्ही हातांत धरून गोल हलवला, आणि तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग मिशा पुसून त्याने आपला चाकू मिटला.

त्यानंतर ओनोरीनने मला उचलले, अंगठा कमानीवर ठेवला, आणि मिटले.