पोर्ट चोवीस

सुधाकरने आज्ञा टाइप केली, पुन्हा एकदा वाचली आणि एंटर दाबलं. दहा मिनिटांनी इमारतीतले सगळे संगणक जोडणारा स्विच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणार होता. तोवर काम जमलं, तर ही मुदत रद्द करायची. नाही जमलं, तर नुसतं बसून राहायचं. स्विच पुन्हा उठेल तेव्हा आज केलेलं सगळं विसरलेला असेल आणि जुनी, जपून ठेवलेली मांडणी घेऊन कामाला लागेल. आपल्या हातावर भरवसा नसलेल्या माणसांसाठी कुणीतरी करून ठेवलेली ही सोय सुधाकरला मनापासून आवडायची.

"लावलीस मुदत?" मागच्या स्टुलावरून तात्यारावांनी विचारलं.

"हो साहेब. एक बत्तीसला बंद होईल."

"आणि झालाच बंद, तर?"

"सहा-सात मिनिटं सगळी इमारत ठप्प."

सर्व्हर रूमच्या एसीचा वारा थेट सुधाकरच्या मानेवर येत होता. तरी त्याच्या कानामागून घाम ओघळत होता.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्या सरकारी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर दोन वाजता पेन्शनच्या तक्रारींची सुनावणी होती. त्रेचाळीस म्हातारी माणसं सकाळपासून व्हरांड्यात बसली होती, कुणी सोनिपतहून आलेली, कुणी गाझियाबादहून. त्यांच्या जुन्या फायली त्याच मजल्यावर रेकॉर्ड शाखेच्या सर्व्हरमध्ये होत्या. सुनावणीच्या हॉलमध्ये काल बारा संगणक मांडले, त्यांचं वेगळं नेटवर्क केलं. दोन्ही नेटवर्कं याच एका स्विचमधून जात होती, पण एका जिन्यावर राहून एकमेकांची ओळख नसलेल्या बिऱ्हाडांसारखी. त्यांच्यात राउटिंग करून द्यायचं, म्हणजे या घरातून त्या घरात जायला दार काढायचं. ते झालं नाही, तर हॉलमध्ये एकही फाइल उघडणार नव्हती आणि त्रेचाळीस जणांना पुढची तारीख मिळणार होती.

नेटवर्कची देखभाल करणाऱ्या कंपनीचा करार एप्रिलमध्येच संपला होता, नवा झाला नव्हता. सकाळी तात्यारावांनी सुनावणी घेणाऱ्या रावत मॅडमना सरळ सांगितलं होतं, की पुढची तारीख द्या. मग सुधाकरला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तू यात पडू नकोस. काही झालं तर पुन्हा तुझ्यावरच येईल." सुधाकर मान हलवून जागेवर परतला होता. वाटेत व्हरांड्यात एक बाई दिसली. तिने आपले कागद उशीच्या अभ्र्यात भरून आणले होते आणि अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारली होती. सुधाकर तसाच मागे फिरला आणि मॅडमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मैं कर देता हूँ." स्वतःचा आवाज त्याला परका वाटला होता.

'पुन्हा' या शब्दामागे सात वर्षं होती. त्या मार्चमध्ये संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर बाराच्या आत मंत्रालयात जायचं होतं आणि पावणेअकराच्या सुमाराला आस्थापना शाखेचं नेटवर्क अचानक गेलं. उत्तर गेलं नाही. सुधाकरने त्या सकाळी स्विचमध्ये लॉगिन केलं होतं, नुसतं बघायला. शिकायची हौस, ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणून तो घरी टिपणं काढायचा. नुसतं बघितलं, असं त्याला वाटत होतं. पण सगळे विचारू लागले, तेव्हा त्याला स्वतःचीच खात्री देता येईना. तात्यारावांनी संचालकांना सांगितलं, चुकून झालं असेल, लेखी काही नको. कंपनीच्या माणसाने आस्थापनेसाठी वेगळी केबल टाकून दिली. चालतंय ना, मग हात लावू नका, असं ठरलं, आणि त्यानंतर स्विचला कुणी शिवलं नाही. तात्याराव सुधाकरला कधी टोचून बोलले नाहीत, उलट त्यांनी त्याची बदली दोनदा थांबवली. दरवर्षी गणपतीला ते मयूर विहारला त्याच्या घरी येत, त्याच्या मुलीच्या, मयुराच्या हातात काहीतरी पुस्तक ठेवत. सुधाकर या ऋणाखाली वाकून चालायला शिकला होता.

एक चोवीस. दोन्ही नेटवर्कांना दारं दिली, राउटिंग चालू केलं. हाक पाठवून बघितल्यावर रेकॉर्डच्या सर्व्हरने लगेच उत्तर दिलं. हॉलच्या संगणकाने दिलं नाही. पुन्हा विचारलं. नाही.

टेबलावरचा फोन वाजला. रावत मॅडमनी विचारलं, किती वेळ. सुधाकरने दहा मिनिटं म्हणून सांगितलं आणि घड्याळाकडे बघितलं. उरली होती आठ.

"सोड," तात्याराव म्हणाले. "मुदत संपू दे. आपोआप पूर्ववत होईल. मॅडमना मी सांगतो."

"एकदा बघतो, साहेब."

दुसऱ्या मजल्यावर जाणारी केबल स्विचच्या चोवीस नंबरच्या खाचेत, म्हणजे पोर्टमध्ये, होती. प्रत्येक पोर्टला एक यादी असते, सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे असते तशी: कुणाला आत सोडायचं त्याची. सुधाकरने चोवीसची यादी काढली. तीत एकच नाव होतं, रेकॉर्डचं. हॉलचं नाही, आणि पूर्वी याच पोर्टमधून जाणाऱ्या आस्थापनेचंही नाही.

आत्ता आपणच काहीतरी पुसलं. घाईत हात भलतीकडे गेला असणार, पुन्हा. खात्री करून घ्यायला त्याने जुनी जपून ठेवलेली मांडणी पडद्यावर उघडली. आजच्या आधी ही यादी कशी होती, ते तिथे कळणार होतं.

यादी तशीच होती. एकच नाव.

म्हणजे आज काही बिघडलं नव्हतं. तो नकळत पडद्याच्या वरच्या टोकाला गेला. मांडणी शेवटची कधी आणि कुणी जपून ठेवली, ते स्विच पहिल्याच ओळींत लिहून ठेवतो. सोमवार, १२ मार्च २०१८. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. पुढे लॉगिनचं नाव: तात्याराव.

मागे स्टूल करकरलं. तात्याराव उठून त्याच्या खांद्यापाशी आले होते.

सुधाकरला सगळं एकदम दिसलं. यादीत नाव वाढवायचं, तर आज्ञेत 'ॲड' हा शब्द लागतो. तो राहिला, तर स्विच जुनी यादी फाडतो आणि नवी एका नावाची करतो. त्या सकाळी कुणीतरी रेकॉर्डचं नाव वाढवायला गेलं, आणि आस्थापना गेटबाहेर राहिली.

"सापडलं?" तात्यारावांनी विचारलं.

"चोवीस नंबरला ॲड राहिलंय, साहेब."

कुणाकडून, ते तो बोलला नाही. एक अठ्ठावीस झाले होते. त्याने यादीत हॉलचं नाव वाढवायची आज्ञा टाइप केली. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच थांबलं. पडद्यावरच्या त्याच्या स्वतःच्या ओळीतही तो शब्द नव्हता. एंटर दाबलं असतं, तर या वेळी रेकॉर्ड गेटबाहेर गेलं असतं. तो त्या ओळीकडे बघत राहिला. मग सावकाश मागे जाऊन तीन इंग्रजी अक्षरं घातली, ओळ बोट ठेवून वाचली आणि एंटर दाबलं.

हॉलच्या संगणकाने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं. फोन वाजला, मॅडमच्या आवाजामागे खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.

"फाइल खुल गई, सुधाकरजी. लोगों को अंदर बुला रही हूँ."

एक तीस. त्याने मुदत रद्द केली. आता स्विच बंद होणार नव्हता.

एसी घरघरत होता. तात्यारावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"तू हे कधी बघितलंस?"

"आत्ता."

"आत्ता? म्हणजे... इतकी वर्षं तुला माहीत नव्हतं?"

सुधाकरने नकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," तात्याराव म्हणाले. "माहीत असून तू गप्प आहेस. दर गणपतीला तुझ्या घरी यायचो, ते आज तरी तू बोलशील म्हणून. तू चहा आणून द्यायचास."

"मला वाटायचं मीच केलं," सुधाकर म्हणाला.

तात्यारावांचा हात त्याच्या खांद्याकडे आला आणि खुर्चीच्या पाठीवरच थांबला. निवृत्तीला त्यांचे पाच महिने उरले होते.

सुधाकर पडद्याकडे वळला. एक काम राहिलं होतं. आजची मांडणी अजून फक्त स्विचच्या तात्पुरत्या आठवणीत होती. वीज गेली तर जुनी परत येणार होती. ती कायमची जपून ठेवायला हवी होती. त्याने ती आज्ञा टाइप केली. एंटर दाबलं नाही.

"हे दाबलं की जुनं सगळं जाईल," तो म्हणाला. "तुमच्या नावाची पहिली ओळसुद्धा."

"मग?"

सुधाकर उठला आणि खुर्ची किंचित मागे ओढून त्यांच्याकडे वळवली.

"बसा, साहेब. मी खाली बघून येतो."

"सुधाकर, अरे, मी काय करू, ते तरी सांगून जा."

तो दार ओढून निघाला. साहेबांच्या प्रश्नाला उत्तर न देता आजवर तो कधी खोलीबाहेर पडला नव्हता. तो जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर आला.

हॉलमध्ये पहिला पुकारा झाला होता. सोनिपतचे एक आजोबा काठी टेबलाला टेकवून उभे होते आणि पडद्यावर त्यांचा एकोणीसशे एकाहत्तरचा नेमणुकीचा कागद उघडला होता. फोटोतल्या तरुण माणसाकडे आजोबा वाकून बघत होते. रावत मॅडमनी सुधाकरला बघून खुर्चीकडे बोट दाखवलं आणि तात्याराव कुठे आहेत, म्हणून विचारलं.

"ऊपर बैठे हैं, मॅडम," सुधाकर म्हणाला. "उनका थोड़ा काम बाकी है."