चार पिवळ्या रेघा

तनुजाने स्कूटरची डिकी उघडली, आतून हातभर लांबीचा पाना तिरका करून काढला आणि टेबलावर, ऋषीच्या चहाच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"हा घे तुझा टॉर्क पाना. काल दुपारी हडपसरच्या कामाला नेला होता. परत ठेवायचा राहिला."

ऋषीने बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तसंच धरून तो म्हणाला, "काल दुपारी?"

"दोनला. का?"

बिस्किटाचा खालचा अर्धा भाग तुटून तळाशी गेला. ऋषीने वरचा अर्धा तरीही धरून ठेवला होता.

"मग पृथ्वीराजच्या गाडीचे बोल्ट मी संध्याकाळी कशाने आवळले?"

"ते मला काय विचारतोस? तू होतास तिथे."

वारज्यातल्या त्या गॅरेजात गाड्या जमिनीलगत खाली बसवून मिळत, रुंद टायर लावून मिळत आणि वळणावर गाडी चिकटून चालेल अशी नवी स्प्रिंग आणि शॉकअप घालून मिळत. ऋषी आणि तनुजा हे डिप्लोमापासूनचे मित्र आणि गॅरेजातले भागीदार. तिथे नियम असा एकच होता, तोही तनुजाने घातलेला. बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचा. ठरलेला जोर लागला की पाना 'खट्' करतो. तो खट् ऐकला, की मगच बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढायची. रेघ दिसली म्हणजे काम झालं. पुन्हा हात लावायचा नाही, पुन्हा विचारायचं नाही.

काल संध्याकाळी पाचला शटरमधून तिरकं ऊन आलं होतं. पृथ्वीराजची निळी गाडी लिफ्टवर होती, पुढची चाकं काढलेली. चाकाचा सगळा भार शॉकअपशी जोडणारे चार बोल्ट, उजवीकडे दोन, डावीकडे दोन, ऋषीने साध्या पान्याने नुसते बसवून घेतले होते. त्या उन्हात पिवळी रेघ काय दिसेल, असं त्याच्या मनात आलं. गॅरेजच्या पेजवर टाकायला व्हिडिओ हवाच होता. म्हणून त्याने रेघा आधी ओढल्या, व्हिडिओ काढला, आवळायचं मागाहून ठरवलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांना मित्रांना ऐकू येईल पण वडिलांना ऐकू येणार नाही असा सायलेन्सर हवा होता. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. ऋषी परत आला तेव्हा चारही बोल्टांवर रेघा होत्या. रेघ दिसली म्हणजे झालं. त्याने चाकं चढवली आणि किल्ली पृथ्वीराजच्या हातात दिली.

व्हिडिओ चारशे लोकांना आवडला होता. एकाने खाली लिहिलं होतं, 'याला म्हणतात काम.'

ऋषीने पृथ्वीराजला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तनुजाने आपल्या फोनवरून लावला. तोही वाजत राहिला.

"आज कुठे जाणार होता तो?"

"साताऱ्याला. मुलगी बघायला." ऋषीला पुढचं सांगावंसं वाटत नव्हतं. "आईला घेऊन."

"आईला घेऊन," तनुजा म्हणाली, आणि तिने हेल्मेट घातलं.

ती ओरडली नाही. ऋषी खरा घाबरला तो यामुळे. मागे गॅरेजच्या वायरिंगने पेट घेतला होता, तेव्हाही ती अशाच आवाजात म्हणाली होती, "ऋषी, आपण जरा बाहेर उभं राहू."

ऋषी स्कूटर चालवत होता आणि तनुजा मागे पाना खांद्यावर घेऊन बसली होती. कर्वेनगरच्या रस्त्यावर सहसा कोणी कोणाला वाट देत नाही. आज देत होते.

"त्याला सांगायचं काय?" ऋषीने मान न वळवता विचारलं.

"काय म्हणजे? बोल्ट आवळले नव्हते, हे."

"दुसऱ्या दिवशीचं फ्री चेकअप असतं, असं सांगू."

"सांग ना. आणि तोवर काही झालेलं असलं, तर तेव्हाही हेच सांग. फ्री चेकअप."

ऋषीला खंबाटकीचा घाट दिसू लागला. वळण दिसलं, शेजारून जाणारा ट्रक दिसला, एक निळं चाक गाडीच्या पुढे आपलंआपण निघून जाताना दिसलं. हँडलवरचे तळवे ओले झाले होते. त्याने ते पँटला आळीपाळीने पुसले.

पृथ्वीराजच्या सोसायटीच्या गेटवर दत्तोबा वॉचमन खुर्ची उन्हात ओढून बसले होते.

"निळी गाडी? गेली की. म्हणजे गेली असं नका म्हणू. निघाली."

"किती वेळ झाला, काका?"

"निघून वीस मिनिटं. गेटच्या बाहेर पडून दहा." दत्तोबांनी गेटसमोरच्या स्पीडब्रेकरकडे बोट केलं. "पोट घासत होतं तिचं. मग त्याच्या आई, मथुराबाई उतरल्या, समोर उभ्या राहिल्या आणि हात करून करून घेतली बाहेर. साडी भारी होती. गाडीचं मला काय कळत नाही."

मग ऋषीच्या लक्षात आलं. गाडी त्याने दोन इंच खाली बसवली होती. दोन माणसं बसली की ती कुठल्याच स्पीडब्रेकरवरून जाणार नव्हती. म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला आई उतरणार, पुढे होणार, गाडी तिरकी घ्यायला लावणार, पुन्हा बसणार. इथून हायवेपर्यंत सात स्पीडब्रेकर होते. त्याला आकडा पाठ होता, कारण त्याने महापालिकेकडे त्यांच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली होती, फोटो जोडून. सगळे बेकायदेशीर, सगळे अवाजवी उंच. आता प्रत्येकावरून स्कूटर आपटत नेताना तो मनातल्या मनात म्हणत होता, असू देत, अजून उंच असू देत.

चौथ्यापाशी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. सुशीलाबाई कांडकं चरकात सारत होत्या.

"निळी ना? हो, आत्ता गेली. बाई पुढं चालत व्हत्या न् गाडी मागनं. मला वाटलं वरात हाय." त्यांनी तनुजाच्या खांद्यावरच्या पान्याकडे बघितलं. "भांडण हाय का?"

"नाही, काकू. सर्व्हिसिंग."

पाचवा गेला, सहावा गेला. गाडी दिसत नव्हती. मागून सायरन वाजवत एक ॲम्ब्युलन्स आली. ती हायवेच्या दिशेने वळते की काय, हे ऋषी श्वास धरून बघत राहिला. ती हॉस्पिटलच्या गल्लीत शिरली. त्याला इतकं हायसं वाटलं, की आत जे कोण असेल त्याची त्याने मनात माफी मागितली.

वारज्याच्या पुलाखालून ते सर्व्हिस रोडला लागले. शेवटचा स्पीडब्रेकर तिथेच, आणि त्याच्या पलीकडे पन्नास पावलांवर हायवेला चढणारा रस्ता. निळी गाडी त्या शेवटच्या स्पीडब्रेकरवर तिरकी उभी होती. मथुराबाई पैठणीचा पदर कमरेला खोचून तिच्यापुढे दोन्ही हात हलवत होत्या. गाडीचं मागचं चाक हळूच खाली उतरलं.

ऋषीने हॉर्न दाबून धरला. निळ्या गाडीला त्यानेच बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर होता. त्यापुढे हॉर्न काय ऐकू येणार. तेव्हा तनुजाने स्कूटरवर अर्धवट उभं राहून पाना उंच धरला. आरशात हेल्मेट घातलेली बाई लोखंडी दांडा उगारून येताना पाहून पृथ्वीराजने सगळे दरवाजे लॉक केले. पळूनही गेला असता, पण आई अजून बाहेर होती.

"ऋषीदादा! तुम्ही?" काच चार बोटं खाली आली. "मला वाटलं कोण गुंड!"

"फोन का उचलत नाहीस?"

"आईच्या पर्समध्ये आहे. सायलेंटवर. गाडी चालवताना फोन नको म्हणते. काय झालं?"

ऋषीने तोंड उघडलं. पृथ्वीराजचा चेहरा फार आनंदी होता; नवा शर्ट, नुकतीच कोरलेली दाढी. "काही नाही. ते दुसऱ्या दिवशीचं फ्री चेकअप असतं आपलं."

"आयला, भारी सर्व्हिस!"

तनुजाने ऋषीकडे बघितलंही नाही. ती निळ्या गाडीच्या डिकीतला जॅक घेऊन खाली बसली. गाडी इतकी खाली होती, की जॅक आत जाईना. शेवटी चाक दगडावर चढवून, मग जॅक सारून, मग चाक काढून, ऋषी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर वाकला.

रेघ होती. सरळ, सुबक, पिवळी. त्याने बोल्टच्या डोक्याला अंगठा आणि तर्जनी लावली. बोल्ट फिरला. नळाची तोटी फिरते तसा.

मथुराबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. ऋषीने खांदा मध्ये आणला आणि पाना लावला. खट्. दुसरा. खट्. मग ते डावीकडे गेले. तिथलाही बोटांनी फिरला. खट्. खट्.

"चार ना?" त्याने हळूच विचारलं.

"चार," तनुजा म्हणाली.

चाकं चढली. मथुराबाईंनी विचारलं, "झालं?"

"झालं, काकू."

"आता पक्कं?"

"एकदम पक्कं."

"मग बस की पुढं. चल साताऱ्यापातूर. येताना यष्टीनं ये."

"आई, अगं पाहुण्यांकडे ह्यांना कुठे..." पृथ्वीराज म्हणाला.

"जेवतील. पोहे काय मोजून करत्यात का?"

ऋषीने तनुजाकडे बघितलं. तिने पाना त्याच्या हातात दिला, स्कूटरला किक मारली आणि म्हणाली, "जा. दुसऱ्या दिवशीचं चेकअप आहे ना?"

गाडी हायवेला लागली. मथुराबाई मागे बसल्या होत्या. काटा साठवर गेला, मग सत्तरवर. ऋषीने पाना मांडीवर आडवा धरला होता आणि दोन्ही पाय गाडीच्या तळावर रोवले होते, जणू ब्रेक त्याच्या बाजूला होता. टायरांचा प्रत्येक बारीक आवाज तो कानांनी उचलून बघत होता. चढ सुरू झाला. समोर कात्रजचा बोगदा दिसू लागला.

"पोरा," मागून आवाज आला.

"हां, काकू."

"नट बोटानं फिरत हुता. मी बघितला."

ऋषीने समोर बघितलं. एक ट्रक अगदी शेजारून गेला. त्याची चाकं ऋषीच्या कानाच्या उंचीवर होती.

"चारही सैल होते," तो म्हणाला. "आवळायचे राहिले माझ्याकडून. रेघा आधी ओढल्या. चेकअप वगैरे काही नसतं. मी घाबरलो होतो, म्हणून तसं सांगितलं. कालपासून तुम्ही तशाच गाडीत..."

आता पृथ्वीराज ओरडेल, असं वाटून तो थांबला. पृथ्वीराज ओरडला नाही. त्याच्या कोरलेल्या दाढीखालचा रंग गेला होता.

"कालपासून?" त्याने विचारलं. "म्हणजे पहाटेपण?"

"पहाटे काय?" मथुराबाई म्हणाल्या.

"काही नाही. पेट्रोल भरायला गेलो होतो."

"पंप समोर हाय आपल्या. त्याला पहाट कशाला लागती?"

बोगदा आला. दिवे एकामागून एक तिघांच्या तोंडांवरून जाऊ लागले.

"किती जोरात?" मथुराबाईंनी विचारलं.

"एकशे चाळीस," पृथ्वीराज म्हणाला. मग जरा वेळाने, "ह्याच बोगद्यातून. दोनदा."

काटा आपोआप खाली येत होता. साठ, पन्नास, पस्तीस. मागे ट्रकचा हॉर्न वाजला, मग बसचा. गाडी डाव्या कडेला चिकटून बैलगाडीच्या वेगाने चालली होती, आणि आतल्या कोणीच तिला घाई करायला सांगितलं नाही.

बोगद्याच्या बाहेर ऊन आल्यावर मथुराबाईंनी साताऱ्याला फोन लावला.

"उशीर हुईल ओ आम्हाला," त्या म्हणाल्या. "न्हाई न्हाई, गाडीला काय झालं न्हाई. पोराला काय झालं न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तेच सांगते की. कायबी झालं न्हाई."

फोन ठेवून दिला तरी मागून बराच वेळ, बारीक आवाजात, तेवढंच ऐकू येत राहिलं.