म्हशीपास्नं लांब उभारलेला माणूस

पावणं, जरा थांबा. मी एक जुनं पोस्टकार्ड बोलतोय. साधं न्हवं, फोटोचं. माझ्यामुळं एका पोरानं डोस्क्याला शिंगं बांधून पळायची पैज घेतली, आन त्या पैजंपायी लई मोठा घोळ झाला. माझी काय चूक न्हाय. मी आपला पडून व्हतो.

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ह्ये घडलं. तिथं म्हस तुमच्या डोळ्यांम्होरं पिळत्यात आन फेसाचा पेला हातात देत्यात. शबनूरनं पेला रिकामा केला, दुधाची मिशी पुसली, आन पिशवीतनं मला फ्रेमसकट बाहीर काढलं. ही पोरगी जुनी पोस्टकार्डं ऑनलाइन विकती. धार काढायला बसला व्हता राजवीर. गवळ्याचं पोरगं, नुकतीच मिसरूड फुटलेलं, धारा काढण्यात पटाईत आन खोड्या काढण्यात त्येच्याहून.

"राज्या, बघ. ह्ये पाचशेच्या वर जातंय."

राजवीरनं वाकून बघितलं. माझ्यावर एक सजवलेली म्हस हाय आन तिच्यापास्नं लांब, दोरीचं पार शेवटचं टोक धरून एक फेटेवाला माणूस.

"दीदी, म्हस बघायला पाचशे? हिकडं ये की, मी फुकट दावतो. शेपटी बी धरू देतो."

सगळा कट्टा हसला. शबनूर पेटली. "आन गेलं तर?"

"गेलं तर पाडव्याला म्हशीच्या जागी मी पळतो!"

"शिंगं, मोरपीस, घुंगरं, सगळं घालून?"

"सगळं घालून. गवळ्याचा शब्द हाय."

खुळं ते खुळंच. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवत्यात. मालक म्होरं मोटरसायकलीवर, सायलेन्सर काढून फटफट करत, आन म्हस त्येच्या मागं शेपटी वर करून पळत. बघायला सगळं शहर जमतंय. तिथं ह्यो पळणार व्हता! कट्ट्यावर वीस माणसांनी ऐकलं. आता माघार न्हाय.

"खरं एक हाय," शबनूर जाता जाता म्हणाली, "अब्बा आज फ्रेम खोलतील. पाठीवर कुणी गिरगटून ठेवलं असंल तर कार्ड बाद."

ह्येवढं राजवीरच्या डोस्क्यात बरोबर बसलं. शाळंतलं एक अक्षर बसंना, पर ह्ये बसलं.

आता माझं थोडं ऐका. माझा जन्म रंकाळ्यावरचा. स्वातंत्र्याच्या आधीचा. एक फोटोवाला क्यामेरा घिऊन तिथं आलता. म्हस नटून तयार, शिंगं रंगवल्याली, अंगावरचं केस भादरून नक्षी काढल्याली. पर तिचा मालक कुठंतरी निघून गेलता. फोटोवाल्यानं वाट बघितली, आन मग आपल्याच हाताखालच्या गड्याच्या डोस्क्यावर फेटा ठेवला, हातात दोरी दिली. "उभार तिच्याजवळ."

गडी म्हशीला भ्यायचा. लई भ्यायचा. फोटोवाला वरडतोय, "जवळ सरक!" आन ह्यो एक पाऊल म्होरं, दोन पावलं मागं. म्हशीनं नुसतं फुर्रर्र केलं तर ह्येचा फेटा वाकडा झाला. त्येच येळंला फोटो निघाला. म्हस ऐटीत, आन माणूस पळायच्या बेतात. ह्ये गुपित जगात फक्त मला ठावं.

पुढं मला कुणी तरी इकत घेतलं, पर टपालात कधीच टाकलं न्हाय. टपालात न गेलेलं कार्ड म्हंजे शाळंत न गेलेलं पोरगं. माझी शाळा म्हंजे पाठीवर छापलेलं 'पोस्ट कार्ड', मधली एक उभी रेघ आन तिकिटाचा चौकोन. बास. पुढं एका केस कापायच्या दुकानात फ्रेममधी बसलो. लई वर्षं. तिथं माझं खरं शिक्षान झालं. कोण कुणाच्या पोरीबरोबर पळालं, कुठल्या पेठंची फुटबॉल टीम माती खाणार, कुणाच्या म्हशीचं दूध पातळ, सगळं तिथं कळतंय. खुर्चीत बसलेला माणूस आरशात आधी स्वताला बघतोय, मग मला, मग हळूच म्हणतोय, "ह्यो त्या म्हशीपास्नं एवढा लांब का उभारलाय?"

त्ये दुकान मोडून सलून झालं, एसी बसला, आन मी रद्दीत गेलो. रद्दीतनं आलो महंमदचाचांच्या फोटो फ्रेमच्या दुकानात. शबनूर त्येंचीच पोरगी. ढिगातनं तिनं मला हुडकलं आन म्हणाली, "अब्बा, ह्ये छापलेलं न्हाय, खरा फोटो हाय!" माझं नशीब उघडलं. मग ती पैज.

त्या दिवशी चाचांनी फ्रेम खोलली, पाठीवरचा खाकी कागद पाण्याचा हात लावून हळू सोडवला, आन मला उताणं वाळत ठेवलं. कानावरची जाड पेन्सिल काढून टेबलावर टाकली आन नमाजला गेले. तेवढ्यात राजवीर आला. त्येच्या घरच्या म्हशीचा बक्षीस घेतानाचा फोटो फ्रेम करायचा व्हता म्हणं. आत कोण न्हाय. टेबलावर मी. मला पालथं केलं. छापील रेघ सोडली तर पाठ कोरी. शेजारी पेन्सिल.

त्यो गिरगटायलाच आलता, आई शप्पत. पर पेन्सिल टेकवली आन थांबला. गवळ्याचं पोरगं, फोटो म्हशीचा! हात काय नुसता गिरगटंना. घरात रोज ऐकलेलं एक नाव सरळ उतरलं. त्येच्या पणजाचं. 'ज्ञानू गवळी आन त्येंची म्हस चंद्री. पाडवा.' लिवून मला जरा चुरगाळल्यागत केलं, आन पळाला. मला गुदगुल्या झाल्या पर वरडता येतंय व्हय मला?

दुसऱ्या दिवशी शबनूर भिंग घिऊन बसली. म्हणाली, "छपाईचं ठिपकं न्हायत, बरोबर. पाठीवर पत्त्याची मधली रेघ हाय. कोपरा एक मुडपलाय, त्ये लिवायला पायजे." कसं असतंय, कार्ड विकायचं तर त्येची खोट आधी सांगायला लागती. किमतीचं बी तसंच. लोक काय मागत्यात त्ये बघायचं न्हाय, कितीला खरंच गेलं त्ये बघायचं. तिनं असली कार्डं हुडकली, कुठलं कितीला गेलं बघितलं, आन मग पाठीवरची पेन्सिल वाचली.

"अब्बा!" अशी वरडली की चाचांच्या हातनं काच निसटता निसटता वाचली.

राजवीरचं अक्षर असलं वाकडं की तिला वाटलं जुन्या काळच्या कुठल्या तरी म्हाताऱ्यानं लिवलंय! आन पाठीवर नाव निघालं की कार्ड बाद होत न्हाय, पावणं. गिरगटलेलं बाद. नाव-गाव असलं तर भाव चढतोय. ह्ये राजवीरला कुणी सांगितलंच न्हाय.

शबनूर माझा फोटो फोनमधी घिऊन थेट राजवीरच्या घरी. त्येचा आज्जा, आण्णा, गोठ्यात म्हशीला घासत बसला व्हता. त्या घरात भिंतीवर सगळ्या म्हशींचं फोटो हायत. आण्णांच्या बाचा एक बी न्हाय. आण्णा रांगत असतानाच बा गेला, आन फोटो कुणी काढलाच न्हवता.

"आण्णा, ज्ञानू गवळी म्हंजे तुमचं कोण?"

"बा माझा. का गं?"

तिनं फोन म्होरं केला. आण्णांनी हात धोतराला पुसलं. चष्मा लावला. लई वेळ बघितलं. म्हशीनं मागनं ढुशी दिली तरी हलले न्हायत.

"ह्यो व्हय?" आण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "असा दिसायचा व्हय माझा बा?"

दारात राजवीर दुधाची किटली घिऊन उभारलेला. त्येच्या तोंडाचा रंग मला फोनमधनं बी दिसला असता.

इकडं बेळगावचं एक पावणं माझ्यासाठी तीन हजार द्यायला तयार झालतं. नाव असलेलं कार्ड, पाडव्याच्या म्हशीचं, त्येंना पायजेच व्हतं. शबनूरची एवढी मोठी विक्री पयलीच. तिनं एक रात्र इचार केला आन त्येंना न्हाय म्हणून कळवलं. मला चाचांनी नव्या फ्रेममधी बसवलं, काच पुसली, आन शबनूरनं मला आण्णांच्या हातात दिलं.

"पैशे?" आण्णा.

"तुमच्या बाचं पैशे घेऊ व्हय मी?"

राजवीर जिंकला बगा! कार्ड विकलंच न्हाय. कट्ट्यावर त्येनं दोघा गिऱ्हाइकांना फुकट दूध पाजलं. पर त्येचा स्वताचा पेला तसाच ऱ्हायला.

कारण घरी लई अवघड झालतं. आण्णा रोज सकाळी पयल्या धारंचा पेला माझ्याम्होरं ठेवायचे आन माझ्याशी बोलायचे. "बा, तुझं तोंडच ठावं न्हवतं मला. जत्रंत म्हातारं माणूस दिसलं की वाटायचं, असा असंल का?" येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याम्होरं आणायचे. पाव्हण्यांनी इचारलं की, "ह्यो एवढा लांब का उभारलाय?" तर आण्णा कारण द्यायचे. एक दिवस, "ऊन असंल." दुसऱ्या दिवशी, "म्हस पुरी दिसावी म्हणून सरकला असंल, समजूतदार व्हता बा." मी काचंमागं घामाघूम. त्या भित्र्या गड्याला आण्णा बा म्हणत व्हते, आन मला सांगता येईना. राजवीरला येत व्हतं. त्यो किटली उचलून भायेर पळायचा.

एकदा राती त्येनं मला भिंतीवरनं काढलं बी व्हतं. खोडरबर आणलता. मागची फळी उघडली, आन माझ्याकडं बघत बसला. खोडलं तर काय? आण्णांनी तर बघितलंय. परत मला टांगलं. वाकडं.

पाडवा उजाडला. पंचगंगेच्या घाटावर ही गर्दी! म्हशींची शिंगं लाल-हिरवी, पाठीवर नक्षी, गळ्यात घुंगरं. आण्णांनी मला हार घालून छातीशी धरलं व्हतं. त्येंची म्हस आज माझ्या मागनं पळणार म्हणं. बाच्या मागनं! सगळं गवळी जमलं. शबनूर आन चाचा बी आलते.

"राजवीर," आण्णा म्हणाले, "म्होरं हो. पणजाच्या पाया पड आन मग गाडी काढ."

राजवीर म्होरं आला. वाकला. हात माझ्या काचंपातूर आलं आन तिथंच थांबलं. मोटरसायकली फटफट करत व्हत्या, कानाचं पडदं फाटत व्हतं.

"आण्णा, त्यो पणजा न्हाय."

"काय?"

"त्यो पणजा न्हाय!"

"ऐकू येईना! मोठ्यानं बोल की!"

"आण्णा, ते मी लिवलंय!" राजवीर बोंबलला, आन नेमकं त्याच येळंला सगळ्या गाड्या बंद झाल्या. अख्ख्या घाटानं ऐकलं. "चाचांच्या पेन्सिलीनं. पैज हारू नये म्हणून. मला वाटलं कार्ड बाद हुईल. ह्यो माणूस कोण हाय मला ठावं न्हाय."

शबनूरचं तोंड बारीक झालं. आण्णांनी मला छातीपास्नं लांब धरलं आन बघितलं. आधी माणसाला. लई वेळ. काचंवरचा हार बाजूला सारला.

"तरीच," आण्णा शेवटी बोलले. "तरीच एवढा लांब उभारलाय बेणं! माझा बा म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभारला असता!"

डोळ्यांत पाणी व्हतं, पर खांदं हसण्यानं हलत व्हतं. मग त्येंनी म्हशीवर बोट ठेवलं.

"माणूस आमचा न्हाय. पर शिंगं बगा हिची, चाल बगा. म्हस आमच्याच गोठ्यातली."

हिथं सगळं गवळी एकदम बोलाय लागलं. "काय बोलताय आण्णा, शिंगं तर आमच्या घराण्याची!" दुसरा म्हणतोय, "जावा की, कपाळावरचा पांढरा टिळा आमच्या म्हशींचा!" असली भांडणं सुरू झाली की राजवीरकडं कुणाचं लक्षच ऱ्हायलं न्हाय. फक्त शबनूर त्येच्याजवळ गेली.

"माझ्या दुकानातनं खोटं विकलं जाता जाता वाचलं, राज्या."

"दीदी, पैज मी हारलोय," त्येनं मान खाली घातली. "शिंगं दे."

आन पळाला की! चाचांनी दुकानातनं आणलेल्या पुठ्ठ्याची शिंगं, मोरपीस, घुंगरं, म्होरं आण्णांची गाडी. दोनदा पडला. लोकांनी म्हशींपेक्षा त्येलाच शिट्ट्या मारल्या.

आता मी शबनूरच्या टेबलावर हाय. पारदर्शक पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधी. आण्णांनी मला परत दिलं, पर आधी चाचांकडनं माझी एक मोठी नक्कल करून घेतली, माणूस कापून, नुसती म्हस. भिंतीवर तिच्या शेजारची जागा मात्र मोकळी ठेवायला सांगितली. "बाची हाय ती," म्हणाले. "रिकामीच बरी."

बेळगावच्या पावण्यांना शबनूरनं सगळं खरं कळवलं. भाव उतरला, तरी पाचशेच्या लई वर देऊन त्येंनीच मला घेतलं. आज पयल्यांदा टपालात चाललोय, म्हंजे शाळंत चाललोय म्हणा. बेळगावचं पावणं, आता तुमाला एक मागणं हाय माझं. माझ्या पाठीवरची पेन्सिल खोडू नका. जन्मात पयल्यांदा कुणी माझ्यावर कायतरी लिवलंय. आन त्या फेटेवाल्याला भित्रा म्हणू नका, दोरी त्येनं शेवटपातूर सोडली न्हवती.

मला विकायला लावताना खाली माहिती लिवायची असती. ह्या खेपंला शबनूरनं ती राजवीरकडनं लिवून घेतली, त्येच्याच वाकड्या अक्षरात, फोटो काढून तसाच चिकटवला. त्ये असं हाय:

'खरा फोटो. कोपरा मुडपलेला. माणूस कोण त्ये म्हाईत न्हाय. म्हस कुणाची ह्येच्यावर भांडण चालू. पाठीवरचं नाव खोटं हाय, त्ये मी लिवलंय. राजवीर.'