नऊ फुलांची नोंद

दोष प्रधान सरांचा, आणि त्यांच्या शब्दापुढे मान डोलावणाऱ्या माझ्या बापाचा. तिसरा मी.

उल्हासनगरचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. बेलवलीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी डोंगरातल्या रानफुलांचा संग्रह मांडला होता. आमची वाडी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, म्हणून झाडं आणायची मी, वर्तमानपत्रात दाबायची मी, रोज कागद बदलायचे मी, आणि सुकली की जाड कागदावर दोऱ्याने टाचून, फुलं मोजून रजिस्टरात नंबर घालायचा तोही मीच. बदल्यात सर परत ऍडमिशन मिळवून देणार होते.

वाडीमागच्या कातळाशी आईने पांढरी आमरी, रानातलं कंदाचं ऑर्किड, लावली होती. तिथे माझी बहीण रंजना पुरलेली आहे. तीन महिन्यांची गेली. त्या झाडाला दर श्रावणात एक फूल वाढतं, त्यावरून रंजी केवढी झाली असती ते कळतं, असं आई म्हणायची. मी हे सरांना गंमत म्हणून सांगितलं.

"नऊ फुलं? घेऊन ये. कंदासकट. कंद नसेल तर नमुना अर्धवट."

"सर, ते आईचं..."

"आईला दुसरं देऊ आणून. शास्त्राला आई नसते रे, रूपेश."

बाप म्हणाला, "सरांचा सबूद मोडू नको. पोरगी काय तितं बसली हाय का?"

आई भाताच्या बेणणीला, तण काढायला गेली तेव्हा मी ते उपटलं. रजिस्टरात लिहिलं : नंबर ४१२, फुले नऊ.

ते सुकेना. बाकीची झाडं आठवड्यात कडकडीत झाली. याचा कागद मात्र रोज सकाळी ओला, आणि त्याला कातळावरच्या मातीचा वास. सर म्हणाले, मी कागद बदलायचा आळस करतो. शेवटी तसंच टाचून कपाटात कुलूपबंद केलं.

पुढच्या श्रावणात यादी तपासताना ते उघडलं. फुलं दहा. दहावं अजून अर्धं मिटलेलं होतं.

"सर, नऊ होती."

सरांनी चष्मा पुसून मोजली, आणि माझा आकडा लाल पेनाने खोडला. "मोजता येत नाही, म्हणून तर कॉलेज सुटलं तुझं."

"आईला परत द्या ते."

"संग्रहातलं बाहेर जात नाही."

घरी आलो तेव्हा आई कातळाशी, त्या रिकाम्या खड्ड्यापुढे बसली होती. मी सांगितलं, दहा झाली. कुठे, ते तिने विचारलं नाही. फक्त हात जमिनीपासून हळूहळू वर नेला, शेजारी उभ्या असलेल्या कुणाची उंची मापावी तसा, आणि हवेतच दोनदा केस सारखे केले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

त्याला तीन वर्षं झाली. मी अजून सरांकडेच आहे. मोजायला कुणीतरी हवं. परवा तेरा झाली. ऍडमिशन झाली नाही. आई माझ्याशी बोलत नाही.