डिकीच्या बाजारात गेलेला कोबी

मी कोबीचा गड्डा बोलतोय. सुरी आणायला उठू नका. मी चिनी मातीचा आहे. हिरवी पानं, पानांवर उठलेल्या शिरा आणि वर देठासकट झाकण. पोटात दीड डझन वाट्या सूप मावतं. मला सूपचं भांडं म्हणतात. निदान ज्यांनी घडवलं ते तरी म्हणायचे.

माझा जन्म पोर्तुगालचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कुंभारणीनं खऱ्या कोबीचं पान ओल्या मातीवर दाबून माझं एकेक पान उठवलं. भट्टीतून बाहेर काढल्यावर तिनं मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "हुबेहूब!" मला तेव्हा वाटलं, कौतुक झालं. जेवणाच्या टेबलावर हुबेहूब कोबी कोणाला हवा असतो, हा प्रश्न तिच्याही डोक्यात आला नाही आणि माझ्याही.

पेंढ्यात गुंडाळून मी इंग्लंडात आलो, लाउथ गावातल्या एका दुकानाच्या काचेत बसलो आणि दोन वर्षं तिथेच बसून राहिलो. मग १९८८ च्या मे महिन्यात ग्लेनिस आत शिरली. तिच्या धाकट्या भावाचं, क्लाइव्हचं, लग्न होतं. नवरी लोर्ना मोठी व्यवस्थित मुलगी. काय काय भेट हवी याची तिनं यादीच वाटली होती: टोस्टर, स्टीलची पातेली, पांढऱ्या बशा. ग्लेनिसनं ती यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"यादीतलं काय, कोणीही देईल," ती दुकानदाराला म्हणाली. "नणंदेनं दिलेली वस्तू जन्मभर लक्षात राहायला हवी."

ती राहिली.

लोर्नानं खोकं उघडलं, झाकण उचललं, परत ठेवलं. "अगं बाई, किती वेगळं आहे!" या देशात एखादी वस्तू 'वेगळी' आहे असं म्हटलं की समजायचं, तिची रवानगी जिन्याखाली होणार. तेवढ्यावर ती थांबली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण ग्लेनिस समोर डोळे लावून उभी होती. लोर्नाला राहवलं नाही. "मला ना, कधीपासून अगदी असाच हवा होता!"

झालं. त्या एका वाक्यावर मी एकतीस वर्षं त्या घरात काढली.

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनर आणि रंगाचे डबे यांच्या मध्ये. माझ्या पोटात एक आठ पायांची कोळीण संसार थाटून होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ग्लेनिस जेवायला यायची. त्या सकाळी क्लाइव्ह गुडघे टेकून कपाटात शिरायचा, कोळिणीला बाहेर काढायचा, मला धुवायचा आणि टेबलाच्या मधोमध ठेवायचा. लोर्ना माझ्यात संत्री भरायची.

"अजून किती जपलायस गं!" ग्लेनिस दरवर्षी म्हणायची.

"जीव आहे माझा त्याच्यावर," लोर्ना दरवर्षी म्हणायची. क्लाइव्ह दरवर्षी बशीतल्या बटाट्याकडे बघायचा.

एका वर्षी जेवणं झाल्यावर मला पुसताना ग्लेनिसचाच हात सटकला. मी नळावर आपटलो आणि झाकणाच्या खाली, काठावर, नखाएवढा टवका उडाला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, टवक्याची बाजू भिंतीकडे फिरवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

मग क्लाइव्हचे गुडघे बोलू लागले. जिने नकोत म्हणून त्या दोघांनी घर विकून तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. लोर्नानं सामानाचे ढीग केले. न्यायचं, वाटायचं, विकायचं. मला हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली.

"धर्मादाय दुकानात देऊन टाक," क्लाइव्ह म्हणाला. लोकांनी दान दिलेलं जुनं सामान तिथं विकतात.

"शहाणाच आहेस! मंगळवारी तिथं गल्ल्यावर कोण बसतं? तुझी बहीण!"

म्हणून ठरलं की रविवारी डिकीच्या बाजाराला जायचं, आणि तेही गावच्या नाही, वीस मैल लांबच्या. एका शेतकऱ्याच्या रानात गाड्यांच्या रांगा लावायच्या, डिकी उघडायची आणि आपल्या घरातला नको झालेला पसारा अनोळखी माणसांच्या गळ्यात घालायचा, हा इथला रविवारचा धर्म आहे. देवळात जाणारे कमी झालेत, इथे मात्र पहाटे साडेपाचला फाटकाबाहेर रांग असते.

गाडी थांबते न थांबते तोच दलाल तुटून पडले. लोर्ना अजून पट्टा सोडत होती आणि एका गृहस्थाचं कमरेपर्यंतचं अंग आमच्या डिकीत होतं. "घड्याळं? पदकं? जुने कॅमेरे?" असं तो आतूनच विचारत होता. क्लाइव्हनं वॉलपेपर चिकटवायचं घडीचं टेबल मांडलं, त्याचा एक पाय चिखलात रुतला आणि मी घरंगळता घरंगळता वाचलो.

"आता ऐक," लोर्नानं नवऱ्याला बजावलं. "आपण विकायला आलोय. काही विकत आणायचं नाही."

"छे, छे. नुसता चहा घेऊन येतो."

तो पाऊण तासानं आला तेव्हा त्याच्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात हिरवळीच्या कडा कापायचं यंत्र.

"अरे, नव्या घराला बाग कुठंय?"

"पण चार पौंडाला मिळतंय गं! दुकानात चाळीसला आहे!"

लोर्नानं डोळे मिटून चहा घेतला. तोवर पडदे गेले, मुलांचे स्केट्स गेले, पातेली गेली. एका बाईनं एक पौंडाच्या चाळणीसाठी पाच मिनिटं घासाघीस केली आणि अर्ध्या पौंडात नेली. मला कोणी विचारेना. एका आजोबांनी झाकण उचललं, आत पाहिलं, हळूच परत ठेवलं. "घेतला असता हो. पण बायको मला घरात घ्यायची नाही."

शेवटी एका टोपीवाल्या दलालानं दोन दिवे घेतले आणि वर तीन पौंड टाकून मला उचललं. लोर्नाचा चेहरा असा मोकळा झालेला मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पटलं, तरी वाईट वाटलं.

दलालानं तिसऱ्या रांगेतल्या आपल्या टेबलावर मला मांडलं आणि चिठ्ठी लावली: 'दुर्मीळ. वीस पौंड.' वीस पावलांत माझा भाव सातपट झाला. मी जरा ताठ बसलो. आणि समोरून कोण यावं? ग्लेनिस! मैत्रिणीच्या गाडीतून टोमॅटोची रोपं घ्यायला आली होती. दोन्ही हातांत रोपं.

तिनं रोपं खाली ठेवली. माझं झाकण उचललं. काठावरून बोट फिरवलं. ते बोट टवक्यावर येऊन थांबलं. मग तिनं मान वर केली आणि दोन रांगा पलीकडे लोर्ना दिसली: जुना रेनकोट, चिखलाचे बूट, हात पुढे करून कोणाकडून तरी सुटे पैसे घेताना.

ग्लेनिसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी म्हटलं, आता महायुद्ध. पण ती गाड्यांच्या आड झाली, दलालाला पंधरा पौंड देऊन मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मागच्या फाटकानं निघून गेली. टोमॅटो तिथेच राहिले.

पंधरा दिवसांनी ती नव्या फ्लॅटवर आली. लोर्नानं पुडकं सोडलं आणि आतून मी बाहेर आलो.

"जोडी मिळाली बघ!" ग्लेनिस म्हणाली. "तुझा आहे ना, अगदी तसाच दुसरा! नाताळात दोन्ही शेजारी मांडू."

लोर्ना पांढरी पडली. "अगं... किती... किती छान!"

मला वाटलं, काय सूड उगवलाय बाईनं! हिला सगळं माहीत आहे, आणि हिला माहीत आहे हे लोर्नाला माहीत नाही. दुसरा कोबी आता लोर्नानं आणायचा कुठून?

तिनं शोधला हो. अख्खा उन्हाळा दर रविवारी ती दोघं वेगवेगळ्या रानांत हिंडली. मातीची कोंबडी मिळाली, अननस मिळाला. एकदा क्लाइव्ह धावत आला आणि त्यानं विजयानं टेबलावर ठेवला तो फ्लॉवर होता.

"लांबून कळायचं नाही," तो म्हणाला.

"तिला मोतीबिंदू नाही झालेला, क्लाइव्ह!"

इकडे ग्लेनिसचं वेगळंच सुरू झालं. दर बुधवारी ती घरी केलेला 'पाय' घेऊन यायची. हा चालायचा पाय नव्हे; कणकेच्या पारीत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ. कधी मटणाचा, कधी कोंबडीचा, वर दहा किलो बटाटे. आली की हीटरला हात लावून बघायची. "थंडी वाजत असेल तर लावा हं, बिलाचं बघू आपण." ऑगस्टात मैत्रिणींबरोबरची समुद्रकाठच्या स्कार्बरोची सहल तिनं बावीस वर्षं चुकवली नव्हती. या वर्षी गेली नाही. कंबर दुखते म्हणाली.

"आपण काय उपाशी मरतोय का?" लोर्ना चिडून विचारायची. क्लाइव्ह मटण चघळत मान हलवायचा.

नाताळचा दुसरा दिवस आला. टेबलावर मी एकटाच. लोर्नानं सांगायला थापा तयार ठेवल्या होत्या: दुसरा धाकट्या मुलीकडे आहे, सामानात अडकलाय, वगैरे. पण ग्लेनिसनं विचारलंच नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघत हवेबद्दल बोलू लागली. इतक्या सांभाळून, की लोर्नाला तेच सहन झालं नाही. तिनं काटा खाली ठेवला.

"ग्लेनिस, दुसरा नाहीये. घरात हा एकच आहे. तू लग्नात दिलेला मी विकला होता."

"माहितीये मला. हा तोच आहे, त्याचा टवका माझ्याच हातून उडालाय."

"मग परत घेतलास कशाला? आणि जोडीचं सोंग?"

ग्लेनिसचे डोळे भरले. "अगं, तुझा किती जीव त्याच्यावर! तू तो चिखलात उभी राहून विकलास, म्हणजे घरात केवढी ओढाताण असेल! तोंडानं विचारलं असतं तर तुम्ही दोघं शरमेनं मेला असता. म्हणून म्हटलं, दुसरा मिळाला म्हणून देऊ. सहलीचे पैसे होतेच."

क्लाइव्हनं टेबलाखालून बायकोच्या पायाला पाय लावला. हो म्हण, एवढाच त्याचा अर्थ. अडचण होती म्हण, संपव. लोर्ना उठली, "चहा टाकते" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन किटलीकडे बघत उभी राहिली. किटली रिकामी होती. मग ती तशीच परत आली.

"आम्हाला पैशाची अडचण नव्हती, ग्लेनिस. मला तो आवडत नाही. पहिल्या दिवसापासून."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं. "तेव्हाच का नाही बोललीस? पावती होती माझ्याकडे!"

ती कोट घालायला उठली. लोर्नानं कोटाची बाही धरली. "जाऊ नकोस. मी खोटारडी आहे. पण ते बुधवारचे 'पाय' खरंच सुंदर होते गं."

"आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवू मी?"

लोर्नानं विचार केला. "मटणाचे सुंदर होते. कोंबडीचे चांगले होते. माशाचा भयंकर होता. क्लाइव्हनं तो शेजारच्या मांजराला घातला आणि मांजरानं हुंगून सोडला."

आधी ग्लेनिसचे खांदे हलले, आणि मग ती कोट एकाच हातात अडकलेला असतानाच, खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. लोर्ना हसली, रडली, पुन्हा हसली. क्लाइव्हनं संधी साधून सगळा हॅम संपवला.

जाताना ग्लेनिस म्हणाली, "दे तो इकडे. मंगळवारी धर्मादाय दुकानात ठेवते."

लोर्नानं मला छातीशी धरलं. "हात लावशील तर बघ!"

आता मी त्या छोट्या फ्लॅटच्या खिडकीत असतो, टवका पुढे करून. येणारा-जाणारा थबकतो, आणि लोर्ना त्याला तोंड उघडू देत नाही. "कुरूप आहे ना? अगदी कुरूप आहे. मी उपाशी आहे असं वाटून माझ्या नणंदेनं तिची सहल मोडली, त्याचं हे भांडं आहे." दर बुधवारी ग्लेनिस येते. माशाचा 'पाय' पुन्हा केला होता. अजूनही वाईटच आहे, आणि आता तिला तसं तोंडावर सांगतात.

परवा एक दलाल कसलं तरी कपाट बघायला घरी आला होता. त्यानं मला उचललं आणि घडवणाऱ्याचा शिक्का शोधत तळ पाहिला. मी घाबरलो. लोर्ना कपाटाबद्दल जे काय विचारलं त्याला नीट उत्तरं देत होती, पण त्याच्या हातातून मला काढून घेताना एवढंच म्हणाली, आणि तुम्हालाही माझी तेवढीच विनंती आहे: कुरूप म्हणायचं तर खुशाल म्हणा. किंमत तेवढी विचारू नका.