चार मापांचे पैंजण

तांदळाच्या डब्यात हात घातला आणि चांदी लागली. पैंजणांचे चार जोड. प्रत्येकाला चिठ्ठी: पाच वर्षं, आठ, बारा, सोळा. आमची नात आदिती अजून तीन वर्षांची आहे.

"ह्ये काय हाय?" मी ह्यांना विचारलं.

शेगडीपाशी बसलेल्या आमच्या ह्यांनी मान वर केली नाही. "माझ्यामागं तिला कोण करून देणार? डॉक्टरीणबाईंनी पन्नास टक्के सांगितलंय की. निम्मं रक्त नासलंय."

मला रागच आला. चाळीस वर्षं हुपरीत पैंजण घडवणारा माणूस. चांदीचा टंच, म्हणजे कस, पन्नास आला की निम्मी भेसळ, एवढंच ह्यांना ठाऊक. महिनाभर ते पन्नास टक्के मनात धरून बसले आणि उपचाराला नाही म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि ह्यांना कोल्हापूरच्या एसटीत बसवलं.

"धनपालकाका, रक्ताचा कॅन्सर अजून झालेला नाही," डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या. "ही त्याच्या आधीची पायरी. हाडं, किडन्या चांगल्या आहेत. पण तुमच्यासारखे रिपोर्ट असलेले शंभर जण घेतले, तर दोन वर्षांत साधारण पन्नास जणांचा आजार बळावतो. तुम्ही कुठल्या पन्नासांत, ते आज सांगता येत नाही."

"म्हंजे शंभरातल्या पन्नास पैंजणांच्या सांध्याचा डाख कच्चा," हे सावकाश म्हणाले. "कुठल्या, त्ये दिसत न्हाय."

"तसंच. आत्ता इंजेक्शनं सुरू केली तर आजार बळावणं लांबू शकतं. पण इन्फेक्शनचा धोका वाढतो, सारखं यावं लागेल. नुसतं लक्ष ठेवणं हाही रस्ता आहे. खात्री कशाचीच देत नाही."

 हे परत नाही म्हणाले असते तर मी तिथंच रडले असते, खोटं कशाला बोलू.

"डाखाचा वहीम आला तर आमी परत डाख देतो," हे म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या पायात तुटायची वाट बघत न्हाय. लिवा इंजेक्शन."

घरी आल्यावर ह्यांनी पाच, आठ आणि बाराचे जोड मुशीत टाकले. मी हात धरला. "अवो, म्हैन्याची मेहनत हाय."

"तिचा पाय वाढंल तसं माप घीन की."

सोळाचा जोड मात्र बाजूला राहिला होता. तेरा वर्षांचा भरवसा ह्यांनाही नसावा. चांदी वितळली, तेव्हा तो उचलून मी परत तांदळाच्या डब्यात ठेवला.