गुणमालाबाईंच्या टेबलाची अलीकडची बाजू

मी एक खुर्ची बोलतेय. सांगलीत गुणमाला मगदूम यांच्या टेबलाच्या अलीकडे मी असते. पलीकडे त्या बसतात, माझ्यावर त्यांच्याकडे आलेला लेखक.

उंब्रजच्या जोतीराम सुताराने मला सागवानातून घडवलं आणि वेताची बैठक विणली. गुणमालाबाई तेव्हा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि शाळा सुटली की विज्ञानकथा लिहायच्या. त्यांची सुरुवातीची पुस्तकं माझ्यावर बसूनच झाली. चंद्रावर ऊस लावणाऱ्या बायका, कृष्णेच्या तळाशी वसलेलं शहर, असं त्यांना सुचायचं. जाऊबाई हसायच्या, "गुणमाला, हे खरं होणार आहे का गं?" बाई म्हणायच्या, "झालं तर आपण कसं वागू, ते लिहितेय."

निवृत्तीनंतर बाई सांगलीला आल्या आणि त्यांनी 'नवी कक्षा' हा विज्ञानकथांचा दिवाळी अंक सुरू केला. कंबर दुखू लागली तशी त्यांनी चाकांची खुर्ची घेतली आणि मी टेबलाच्या या बाजूला आले. इथे मला लेखक कळायला लागले. "बाई, हवं ते बदला, माझी काही हरकत नाही," असं म्हणणारा माणूस माझे हात सगळ्यात घट्ट धरतो. बाई दुसऱ्यांच्या कथा दुरुस्त करत राहिल्या. त्यांचं स्वतःचं लिहिणं मात्र मागे पडलं. कुणी त्याबद्दल विचारलं, की त्या चहा टाकायला उठायच्या.

यंदा कडेगावहून क्रांती जाधव नावाच्या मुलीची कथा आली. त्यात सीमेवरच्या जवानांच्या घरी सरकारने एक यंत्र दिलंय. रोज संध्याकाळी अंगणात मुलाची उजेडाची आकृती उभी राहते आणि बोलते. मुलगा मारला जातो, पण यंत्राला ते कळत नाही. आकृती येत राहते, "आई, जेवलीस का?" म्हणून विचारत राहते. शेवटी आईलाच ते थांबवावं लागतं. वाचून झाल्यावर बाईंनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. अंकात ती कथा त्यांनी पहिली लावली.

अंक छापायला जायच्या आठवड्यात धैर्यशील आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी आणि अंकाचा सहसंपादक. आला तो बसलाच नाही.

"बाई, ही कथा एआयकडून लिहून घेतलेली आहे. मी तपासणाऱ्या साइटवर टाकून बघितली."

"साइट चुकत नाही?"

"चुकते कधी कधी. पण हिची आधी एक ओळ कुठे छापलेली नाही, आणि एकदम अशी भाषा? आपले लेखकही तेच म्हणतात. ही कथा राहिली तर ते आपल्या कथा परत घेणार."

"तू त्यांना दाखवलीस?"

धैर्यशील टेबलावरचे कागद चाळू लागला. बाईंनी क्रांतीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांना घेऊन आली. लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले, भिंतीला न टेकता ताठ उभे राहिले. क्रांती माझ्यावर बसली. ती इतक्या वेळा पुढे-मागे सरकली, की माझा सैल झालेला पाय फरशीवर वाजायला लागला.

बाईंनी सरळ विचारलं. क्रांतीच्या आधी लालासाहेबच बोलले, "आवं बाई, घरात बसून लिवलंय तिनं. म्या डोळ्यानं बघितलंय."

"मग इथे एक पान लिहून दाखवू दे," धैर्यशील म्हणाला आणि त्याने कोरा कागद पुढे केला.

मला वाटलं, बाई त्याला अडवतील. बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन क्रांतीपुढे ठेवलं.

"लिव्ह की गं," लालासाहेब म्हणाले. "दाव एकदा आन हो मोकळी."

क्रांतीने पेन उचललं. माझ्या पायाचं वाजणं थांबलं.

"न्हाई लिवणार, अण्णा. लिवलं तर म्हणतील, पाठ करून आली. बाई, माझी कथा तुमाला खोटी वाटली का?"

"कथा नाही वाटली."

"मग मला कशाला खोटी ठरवताय? न्हाई छापली तरी चालंल. परत द्या." ती उठली.

"बघा," धैर्यशील म्हणाला, "जमत नाही म्हणूनच..."

"थांब रे!" बाईंचा आवाज चढला. मग त्या क्रांतीकडे वळल्या. "मी विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. आई यंत्र थांबवते, तेव्हा बाप कुठे असतो?"

क्रांतीने वडिलांकडे पाहिलं. "गोठ्यात. त्याला ठावं असतंय, ती काय करणार हाय. म्हणून धारंला मुद्दाम उशीर लावतो."

"मग हे कथेत का नाही?"

"अण्णा वाचणार हुते न्हवं."

लालासाहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "यशराज, हिचा भाऊ, सीमेवरनं परत आला न्हाई," ते तिकडे बघतच म्हणाले.

कथा पहिलीच छापली. 'ही कथा माझ्या जबाबदारीवर,' असं बाईंनी संपादकीयात लिहिलं. धैर्यशीलने अंकावरून नाव काढून घेतलं. बोलल्याप्रमाणे काही लेखकांनी कथाही परत घेतल्या आणि अंक बारीक निघाला. बाई आता थकल्या, त्यांना माणूस आणि यंत्र यांतला फरक कळत नाही, असं लोक अजून फेसबुकवर लिहितात. बाई सगळं वाचतात. उत्तर देत नाहीत.

आज क्रांती एकटीच आली. अंक तिने टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"बाई, शेवटचं वाक्य तुमी बदललं. 'आईनं यंत्र बंद केलं.' मी 'मालवलं' लिवलं हुतं."

"यंत्र कुणी मालवतं का, क्रांती?"

"दिवा मालवत्यात. तिच्यासाठी त्यो दिवाच हुता."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चुकलं माझं. पुस्तक काढशील तेव्हा तुझाच शब्द ठेव."

"पुस्तक कवा काढायचं मग?"

बाईंनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कथेची पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली.

माझा वेत फाटलाय, त्या जागी नायलॉनच्या पट्ट्या आल्यात. पण कुणाला समोर बसवाल, तर पेन पुढे करण्याआधी त्याचं लिहिलेलं नीट वाचा, एवढंच माझं मागणं. आता मी गप्प बसते. दोघींचं भांडण दुसऱ्या ओळीवर आलंय आणि मला ते ऐकायचंय.